दादाराव सरकट्यांची ठासणीची बंदूक

दादाराव सरकटे कुठलीही गोष्ट नुसती सांगत नाहीत, ठासून सांगतात. दूध कोणत्या दुकानातून आणावं, मेलबर्नच्या कोणत्या सबर्बला भविष्य नाही, पोळी आधी कोणत्या बाजूने शेकावी. हे शेवटचं ते प्रमिलाला सांगतात, जी चौतीस वर्षं त्यांच्यासाठी पोळ्या लाटत आली आहे. लग्नानंतर पहिली काही वर्षं प्रमिला वाद घालायची. पुढची काही वर्षं तिने रडून पाहिलं. शेवटी तिला स्वस्त आणि मस्त उपाय सापडला. वरून "हो का" म्हणायचं आणि आतल्या आत नवऱ्याची यथेच्छ टर उडवायची. मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नमधल्या त्या चार बेडरूमच्या घरात ही करमणूक तिला पुरून उरायची.

दादारावांचा पेशाच तसा. अंबरनाथला टूलरूममध्ये फिटर, इथे आल्यावर गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा. रिटायर झाल्यावर पगार थांबला, खोट काढणं चालूच राहिलं. मुलगी दीक्षा डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी धरून बसली ती उगाच एवढ्या लांब गेली नाही, असं प्रमिलाचं मत होतं. प्रमिला स्वतः सोळा वर्षांपासून एज्ड केअरमध्ये काम करत होती. दिवसभर म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळी घालायच्या. ते म्हातारे निदान थँक यू तरी म्हणायचे.

बंदुकीचं खूळ उपटलं ते एक जानेवारीला. भीमा कोरेगावच्या शूरांना अभिवादन म्हणून इथल्या आंबेडकरी मंडळाचा दर वर्षी हॉलमध्ये कार्यक्रम असतो. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष प्रल्हाद ओव्हाळ यांनी स्टेजवर देखावा केला होता. ओव्हाळ म्हणजे मॉर्गेज ब्रोकर, भाषणात सुद्धा व्याजदर घुसवणारा माणूस. त्यांच्या देखाव्यातल्या सैनिकाच्या हातात प्लास्टिकची बंदूक होती. टोकाला नारिंगी बूच, आणि चाप ओढला की "पिऊ पिऊ" आवाज. तो आवाज झाला मात्र, दादाराव उभे राहिले.

"हा शूरांचा अपमान आहे," ते म्हणाले. त्यांना माइक लागत नाही. "माझे खापरपणजोबा कंपनी सरकारच्या पलटणीत नाईक होते. ठासणीची बंदूक होती त्यांच्याकडे. गारेची, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी! पुढच्या वर्षी ह्याच दिवशी खरी ठासणीची बंदूक आणून, स्वतः भरून, मी खरा बार काढून दाखवतो. नाही काढला तर ह्या हॉलमध्ये पुन्हा तोंड उघडणार नाही."

दोनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या त्या शेवटच्या वाक्याला होत्या. तिसऱ्या रांगेत बसलेली प्रमिला मात्र टाळ्या वाजवायला विसरली. खापरपणजोबांचा फोटो नाही, कागद नाही, नाव सुद्धा दोन काका दोन वेगवेगळी सांगतात. पण तिच्या मनात भलतंच काही आलं होतं. ह्या माणसाने आज दोनशे साक्षीदारांसमोर शब्द दिलाय. चौतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, हा तोंडघशी पडलेला बघायला मिळू दे. त्या दिवसापासून ती त्याची वाट बघू लागली, आणि हे लिहिताना लाज वाटली तरी सांगायला हवं की मनापासून वाट बघू लागली.

मग सुरू झाली निवड. वधूसंशोधनाला सुद्धा दादारावांनी एवढा वेळ घेतला नव्हता. सेफ्टी कोर्स झाला, लायसन्स आलं, गॅरेजच्या भिंतीला बोल्ट मारून लोखंडी तिजोरी बसली. तिजोरी दोन महिने रिकामी होती आणि दादाराव तिला रोज कुलूप लावायचे. डायनिंग टेबलावर एक्सेल शीटचे कागद पसरले. नळीची लांबी, भोकाचा व्यास, आतले आटे किती इंचांत एक फेरा घेतात, दस्ता अक्रोडाचा की मेपलचा.

पहिला प्रश्न बार पेटवण्याचा. सगळी दुनिया नवशिक्याला सांगते की सुरुवात टोपीच्या बंदुकीने कर. तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा पडला की बार उडतो, भानगड नाही. दादारावांनी तो विचार एका वाक्यात निकालात काढला. "ती दिवाळीतली टिकल्यांची बंदूक झाली. माझे खापरपणजोबा काय टिकल्या वाजवत होते?"

दुसरा प्रश्न नळीचा. पलटणीतल्या साध्या शिपायांच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असायची, रायफलसारखे आटे नसायचे, असं त्यांना वाचताना कळलं. त्यावर दोन दिवस एक्सेल शीटला हात लागला नाही. तिसऱ्या दिवशी निकाल लागला. "नळीत आटे नसतील तर ती बंदूक नाही, तो पाइप. घेणार तर रायफलच." म्हणजे खापरपणजोबा पाइप घेऊन लढले, असा हिशोब प्रमिलाने मनात केला आणि वरण ढवळताना एकटीच हसली.

हायवेने उत्तरेला तासाभरावर जुन्या बंदुकांचा एक क्लब होता. तिथली निम्मी मंडळी कातड्याच्या झालरी लावलेले कोट घालून यायची. त्यांना बघून दादारावांनी नाक मुरडलं. "फॅन्सी ड्रेस." तिथेच नेव्हिल भेटला. ऐंशीच्या घरातला, आयुष्यभर मेंढ्या कातरलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्याने स्वतःच्या टोपीच्या रायफलमध्ये बार भरला आणि दादारावांना टेबलाशी बसवून चाप ओढायला दिला. धुराचा लोट उठला, सडक्या अंड्याचा वास सुटला, आणि पन्नास मीटरवरच्या कागदाला कोपऱ्यात भोक पडलं.

"ब्यूटी!" नेव्हिल म्हणाला. मग त्याने दादारावांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मनात काही न ठेवता सल्ला दिला. "यू आर अ शॉर्ट ब्लोक, मेट. गेट अ शॉर्ट बॅरल."

झालं. दादारावांची उंची पाच फूट तीन इंच. प्रमिला त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच. ह्या विषयावर त्या घरात चौतीस वर्षांत एक शब्द निघालेला नव्हता, आणि एका मेंढ्या कातरणाऱ्याने तो मैदानात सगळ्यांसमोर काढला. परतताना गाडीत दादाराव प्रमिलाला म्हणाले, "अडाणी माणूस आहे. लांब नळीला नेम चांगला लागतो, हे त्याला माहीत नाही." त्याच क्षणी बंदूक ठरली, हे प्रमिलाला कळलं. बाजारात जी सगळ्यात लांब असेल ती.

दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. टॉर्च धरायला कुणीतरी हवं म्हणून दादारावांनी तिला सोबत नेलं. त्यांनी खिशातून मापं घ्यायचा व्हर्नियर काढला तेव्हा काउंटरमागच्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पहिल्या रायफलचा दस्ता आणि नळी ह्यांच्यामध्ये केसभर फट होती. दुसरीचा घोडा हलत होता. तिसरीचं पितळ "भंगारातलं". चौथीच्या नळीत त्यांनी टॉर्च मारायला लावला, एक डोळा मिटून पाच मिनिटं बघितलं आणि त्या माणसाला विचारलं, "आटे तपासून घेता की नाही तुम्ही? की जे येतं ते विकता?"

"नो वरीज, मेट," तो माणूस म्हणाला, आणि त्याने मागच्या खोलीतून पाचवी आणली. गारेची, बेचाळीस इंच नळी, काळसर मेपलचा दस्ता. दादारावांनी सगळीकडून व्हर्नियर लावला. खोट सापडेना. दस्ता जमिनीवर टेकवून त्यांनी ती शेजारी उभी केली तर नळीचं तोंड त्यांच्या नाकापर्यंत आलं. काउंटरवाला म्हणाला की एकदा नळीखालचा गोळी ठासायचा गज बाहेर काढून बघा, हात पुरतो का, भरताना तो आणखी हातभर वर जातो. "आय नो, आय नो," दादाराव म्हणाले. त्यांनी गज काढला नाही. हजार गोष्टी मोजल्या, ती एक सोडली.

प्रमिलाला ते दिसलं होतं. तिने टॉर्च बंद केला आणि पर्समध्ये ठेवला.

परमिट यायला आठवडे लागणार होते, तोवर बंदूक दुकानातच राहणार. दारू मात्र दादारावांनी आधीच आणून ठेवली, आणि त्यावरून जे रामायण झालं ते आपल्याच लोकांत होऊ शकतं. इंडियन ग्रोसरीच्या लाइनमध्ये उभं राहून ते अंबरनाथच्या जुन्या दोस्ताशी फोनवर बोलत होते. "दारूचं सगळं व्यवस्थित आहे. डबा गॅरेजमध्ये, थंड जागी ठेवलाय. काळीच घेतली. काळीशिवाय मजा नाही." मागे प्रल्हाद ओव्हाळांची बायको श्यामला कोथिंबीर घेऊन उभी होती. दर वर्षी धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात बावीस प्रतिज्ञा दादारावच म्हणून घेतात, आणि "मी दारू पिणार नाही" ह्या प्रतिज्ञेला तर खिडक्यांच्या काचा हादरतात. श्यामलाच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रमिलाकडे आली. डोळ्यांत पाणी आणि जिभेवर उत्सुकता, दोन्ही काठोकाठ.

"वहिनी, खरं सांगा. भाऊ घरात दारू ठेवतात?"

प्रमिलाला एका वाक्यात खुलासा करता आला असता. तिने चहा गाळला, साखर ढवळली आणि म्हणाली, "हो ना. काळी. डबा आहे अख्खा."

"आणि रोज..."

"नाही, अजून सुरू नाही केली. जानेवारीत करणार म्हणतात. सगळ्यांसमोर."

आठवडाभर ही बातमी क्रेगीबर्नभर फिरली. प्रमिला त्या आठवड्यात कामावर गाणं गुणगुणत होती. शेवटी प्रल्हाद ओव्हाळ समजूत घालायला आले. सोफ्याच्या कडेवर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दादारावजी, आपलाच माणूस म्हणून विचारतो. एका वेळी किती लागते?"

"सत्तर ग्रेन," दादाराव म्हणाले. "नवीन माणसाने पन्नासपासून सुरुवात करावी म्हणतात. मला नाही पटत."

"ग्रेन... म्हणजे व्हिस्की?"

पुढची चाळीस मिनिटं ओव्हाळांनी बंदुकीच्या दारूचं रसायनशास्त्र ऐकलं. गंधक किती, कोळसा किती, सोरा किती. जाताना त्यांनी दारातून हसत सांगितलं, "पण वहिनींनी तर श्यामलाला..." आणि थांबले. दादारावांनी प्रमिलाकडे बघितलं. ती कप उचलत होती. ते काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत ह्याचंच तिला जरा आश्चर्य वाटलं.

एक जानेवारीला क्लब बंद होता. ओव्हाळांनी लगेच व्हॉट्सॲपवर "बार पुढे ढकलला" असं टाकलं, खाली सतरा हसरे चेहरे. पहिल्या रविवारी मात्र क्लब उघडला, त्या दिवशी उन्हाळ्यात आग-ठिणगीला बंदी घालणारा फायर बॅनही नव्हता. मंडळाची पंचवीस-तीस माणसं गाड्या काढून आली. छत्र्या, बर्फाच्या एस्की पेट्या, फोल्डिंग खुर्च्या. ओव्हाळ मोबाइल स्टँडवर लावून सज्ज. प्रमिलाने पुढची खुर्ची पकडली. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आज, नाहीतर कधीच नाही.

दादाराव पांढरा शर्ट घालून फायरिंग लाइनवर गेले. शेजारी नेव्हिल. त्यांनी बंदूक उभी केली, मोजून दारू ओतली. तेल लावलेली चिंधी नळीच्या तोंडावर ठेवली, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गोळी अंगठ्याने आत दाबली. मग गज काढला. गोळीवर टेकवला, दोन्ही हातांनी धरला आणि ढकलला. गोळी वीतभर आत गेली आणि थांबली.

त्यांनी पुन्हा जोर लावला. गज वाकला, गोळी हलली नाही. "चिंधी जाड आहे," ते मागे वळून म्हणाले. कुणीतरी हसलं. त्यांनी फक्त डाव्या हाताने ढकलून पाहिलं. नेव्हिलचा चेहरा बदलला. गोळी अर्ध्यात अडकलेली असताना बार काढला तर नळी फुटते, त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एक तर तळापर्यंत बसवा, नाहीतर बंदूक खाली ठेवा.

"गजच बरोबर नाही," दादाराव म्हणाले. "ह्या हवेने लाकूड फुगलंय." ओव्हाळ मोबाइलमध्ये बघून म्हणाले, "दादारावजी, जरा इकडे तोंड करा." लोक आता उघड हसत होते. दादारावांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि ते तो पुसत नव्हते.

प्रमिला खुर्चीत पुढे सरकली. हेच ते. आता पोटात गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. तिने नवऱ्याकडे नीट बघितलं, आणि बघता बघता तिचं लक्ष त्याच्या तोंडावरून घसरून उजव्या हातावर गेलं. हात खांद्याच्या वर जातच नव्हता. कोपर छातीपर्यंत येत होतं आणि तिथे सगळा खांदा कानाकडे उचलला जात होता, पाठ वाकडी होत होती. असे खांदे ती रोज बघते. बेडवरच्या परक्या म्हातारीचा असा खांदा तिने दारातून ओळखला असता आणि नर्सला हाक मारली असती.

ती उठली. काय करतोय आपण, हे तिला चालताना कळत नव्हतं. "कॅन आय?" तिने नेव्हिलला विचारलं. त्याने दोघांकडे एकेकदा बघितलं, डोळे वाचवायचा चष्मा तिच्या हातात दिला आणि दाखवलं. लांब धरू नका, गोळीजवळ आखूड धरा, थोडं थोडं ढकला. नळीच्या तोंडावर चेहरा आणू नका.

"द्या," ती दादारावांना म्हणाली.

"अगं, तुला नाही जमणार. त्यात एक टेक्निक..."

"द्या म्हटलं ना."

त्यांनी गज सोडला. ऐंशी किलोची माणसं उचलून व्हीलचेअरमध्ये बसवणाऱ्या तिच्या हातांना ते काम काहीच नव्हतं. गोळी वीत वीत करत खाली गेली आणि तळाला टेकली. नेव्हिलने गजावरची खूण बघून मान डोलावली. दादाराव टेबलाशी बसले, नळीच्या बारीक भोकाशेजारच्या वाटीत पेट द्यायला रंजकाची बारीक दारू घातली, चाप ओढला. गार खटकन आपटली, ठिणगी पडलीच नाही. पुन्हा घोडा चढवला. ह्या वेळी वाटी भडकली आणि असा दणका झाला की झाडांवरचे पांढरे काकाकुवा किंचाळत उठले. धुरातून टाळ्या आल्या, शिट्ट्या आल्या. कागदाला भोक कुठे पडलं ते कुणी बघितलंच नाही.

"बघितलं?" दादाराव ओव्हाळांना म्हणाले. "ह्याला म्हणतात बार." भरला कुणी, ह्याचा उल्लेख त्यांच्या तोंडून आला नाही. प्रमिलाला तो अपेक्षितही नव्हता. असल्या माणसाकडून काय अपेक्षा करणार?

परत जाताना त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. तिने गाडी हायवेला घातली. प्रमिलाच्या डोक्यात एकेक गोष्ट येत होती. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा ते हल्ली तिलाच काढायला सांगायचे, तिला वाटायचं ऐदीपणा. टी-शर्ट घालणं सोडून दिलं होतं, तिला वाटायचं साहेबी. रात्री कूस बदलताना कण्हायचे, तिला वाटायचं लक्ष वेधून घ्यायचं नाटक.

"खांदा कधीपासून धरलाय?" तिने विचारलं.

"कुठला खांदा?"

तिने लेन बदलली. दोन एक्झिट मागे गेले.

"मार्चपासून," दादाराव म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. कुणालाही, काहीही पटवायचं नसलेला असा त्यांचा आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता.

"मार्चपासून! आणि मला सांगता येत नव्हतं? मी दिवसभर लोकांचे खांदेच हलवते ना तिथे? फिजिओला दाखवलं असतं तर आत्तापर्यंत सुटला असता. दहा महिने, अहो! तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

दादाराव खिडकीतून बाहेर बघत होते. वाळलेलं पिवळं गवत, तारेची कुंपणं.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तू हसली असतीस."

प्रमिलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिच्याकडे उत्तरं नेहमी तयार असतात, एकाला दहा. तिने मार्च आठवून पाहिला. आपण ओट्याशी उभ्या आहोत, हे मागून येऊन खांदा दुखतो म्हणतात, आणि आपण वळून काय बोलतो ते तिने अगदी प्रामाणिकपणे डोळ्यांसमोर आणून पाहिलं. मग तिने तोंड मिटलं आणि क्रेगीबर्नपर्यंत रस्त्यावरून नजर हलवली नाही. ती हसली असती. वरून नाही, पण हसली असती, आणि संध्याकाळपर्यंत श्यामलाला सांगितलं असतं.